एका सेकंदाचं काम

हॉस्टेलवर मला सगळे 'टायगर' म्हणतात. मेसच्या मामांपासून रेक्टर सरांपर्यंत सगळे! नव्या पोरांना वाटतं, मी कधीतरी कुणाला तरी बदडलं असेल. तसं काही नाही. माझी तब्येत बघता ते शक्यही नाही. हे नाव पडलं फर्स्ट इयरच्या दुसऱ्या की तिसऱ्या रात्री. जेवून आल्यावर आम्ही सगळे कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. ओळखी चालल्या होत्या. गाव कुठलं, सीईटीला किती, वडील काय करतात. कुणाचे शिक्षक, कुणाचे साखर कारखान्यात, कुणाची शेती, एकाचे तर चक्क तहसीलदार. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "आमचे आप्पा पुण्याला गोल्फ क्लबवर असतात."

"असतात म्हणजे?"

"म्हणजे... तिथेच असतात. सत्तावीस वर्षं झाली."

बस्! एवढ्यावर एकजण ओरडला, "आयला, म्हणजे हा टायगर वुड्स!" सगळे हसले. मीही हसलो. मॅनेजर असतील, मेंबर असतील, ज्याला जे वाटायचं ते त्याने समजून घेतलं. मी खोटं बोललो नव्हतो. पण खरंही बोललो नव्हतो. हॉस्टेलच्या फॉर्मवर मात्र 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'नोकरी' असं लिहिलं होतं आणि ते सरळसरळ खोटं होतं. कारण कॅडीला नोकरी नसते. जितक्या फेऱ्या, तितके पैसे. पाऊस लागला की फेरी नाही आणि पैसेही नाहीत.

तर मंडळी, आज तीन वर्षांनी, "काहीतरी लिही रे, मराठी विभागाला पानं कमी पडतायत," असं संपादकांनी दारात उभं राहून सांगितल्यावर ते खरं इथे लिहितोय. माझे आप्पा कॅडी आहेत. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन अठराही होल त्याच्याबरोबर चालणारा माणूस. एका फेरीला चार-साडेचार तास. चेंडू कुठे पडला ते बघायचं, झुडपात शिरून तो शोधायचा, अंतर सांगायचं, काठी पुसून द्यायची आणि साहेबांचा फटका चुकला की आभाळाकडे बघायचं.

पण लेखाचा विषय आप्पा नाहीत. विषय आहे ड्रायव्हर. निदान सुरुवात तरी तिथून करतो.

ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नव्हे. गोल्फच्या बॅगेत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. त्यातली सगळ्यात लांब, सगळ्यात मोठ्या डोक्याची आणि सगळ्यात दूर मारणारी काठी म्हणजे ड्रायव्हर. आपण मेकॅनिकलवाले, तेव्हा थोडे आकडे सांगतो. डोक्याचं आकारमान जास्तीत जास्त ४६० घन सेंटिमीटर, त्याहून मोठं चालत नाही. लांबी साधारण ४५ इंच. लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल, बहुतेक ९ ते १२ अंश. म्हणजे तोंड जवळजवळ उभंच. चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड असता कामा नये. आणि काठी चेंडूला टेकलेली असते तो वेळ किती? सुमारे अर्धा मिलिसेकंद.

आता गंमत बघा. त्या अर्ध्या मिलिसेकंदात चेंडू फक्त तीन अंशांनी वाकडा निघाला आणि २०० मीटर गेला, तर कॅल्क्युलेटर काढून बघा, साडेदहा मीटर बाजूला पडतो. त्यात पुन्हा चेंडूला आडवी फिरकी मिळाली की तो हवेतच आणखी वळत जातो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू असा उजवीकडे वळत गेला की त्याला 'स्लाइस' म्हणतात. ऐकायला ब्रेडसारखं वाटतं, पण पुण्यातल्या अर्ध्याअधिक साहेबलोकांचा रविवार त्या स्लाइसने नासवला आहे, असं आप्पांचं मत आहे.

काठी मागे न्यायला लागतो साधारण पाऊण सेकंद. खाली यायला पाव सेकंद. झाला एक सेकंद. आणि डोळ्याने काही पाहून हातापर्यंत हुकूम पोचायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतो. म्हणजे काठी खाली येताना "अरे, चुकतंय!" असं कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. कंट्रोल सिस्टीम्सच्या तासाला सरांनी ओपन लूप शिकवताना वॉशिंग मशीनचं उदाहरण दिलं होतं, तेच जे सगळे पेपरात लिहितात. मी तेव्हा मागच्या बाकावर बसून मनात म्हटलं, सर, ड्रायव्हर घ्या ना! फीडबॅक नाहीच. जे काय इनपुट द्यायचं ते आधी. एकदा बटण दाबलं की संपलं.

म्हणजे फटका चांगला बसणार की वाईट, हे त्या एका सेकंदाच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. कुठे? तर डोक्यात. आप्पा सातवी शिकलेत, त्यांना ओपन लूप ठाऊक नाही. पण इतकी वर्षं बघून बघून ते याच जागी येऊन पोचलेत.

आप्पा म्हणतात, प्रॅक्टिसला सगळेच मारतात. शंभर चेंडूंची टोपली, चुकला तर दुसरा आहे. खरी परीक्षा पहिल्या टीवर. टी म्हणजे चेंडू ठेवायची छोटी खुंटी, आणि होलची सुरुवात जिथून होते त्या जागेलाही टीच म्हणतात. पहिला टी क्लबच्या व्हरांड्यासमोर. तिथे चहा पीत दहा-पंधरा लोक बसलेले. ज्या साहेबाच्या हाताखाली पाचशे माणसं आहेत, त्याच्या हातातली काठी तिथे थरथरताना आप्पांनी पाहिली आहे. कुठल्याही काठीने एवढा घाम फुटत नाही, फक्त ड्रायव्हरने. कारण ती पहिली, सगळ्यांसमोरची आणि तिच्याकडून अपेक्षा सगळ्यात जास्त.

आप्पांच्या मते ड्रायव्हर बिघडवणारे तीन प्रकारचे लोक असतात. पहिला भ्यालेला. त्याला मैदान दिसतच नाही, फक्त कडेची भिंत दिसते. दुसरा रागावलेला. तो मागच्या होलचा हिशोब या चेंडूवर चुकता करायला बघतो. तिसरा दाखवणारा. त्याला चेंडू कुठे जातो यापेक्षा कोण बघतंय याची जास्त काळजी. "आणि तिघांचाबी चेंडू मला एकाच झुडपात सापडतो," असं म्हणून आप्पा हसतात.

त्यांचा एक नियम आहे. साहेबाला "उजवीकडे पाणी आहे, तिकडे घालू नका" असं कधी म्हणायचं नाही. म्हटलं की घातलंच. त्याऐवजी म्हणायचं, "ते गुलमोहराचं झाड दिसतंय? त्याच्या शेंड्यावर जाऊ द्या." मला ही कॅडी लोकांची श्रद्धा वाटायची. पुढे लायब्ररीत मानसशास्त्राचं एक पुस्तक हाती लागलं (पी.एल.मध्ये अभ्यास सोडून सगळं वाचून होतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच). डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. झालं, लोकांच्या डोक्यातून अस्वल जाईना! पुढे १९९८ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग गोल्फच्या चेंडूवर केला. "होलच्या पुढे जाऊ देऊ नका" असं बजावलं आणि वर डोक्याला दुसरं काम लावून ठेवलं, की लोक नेमका चेंडू पुढे घालवत. मी आप्पांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, "त्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं? आमच्या बाराव्या होलवर यायचं."

आता माझ्याबद्दल. सोमवारी मैदान बंद असतं, देखभालीसाठी. त्या दिवशी सकाळी कॅडींना खेळायला मिळतं. मी सातवीत असल्यापासून आप्पांबरोबर जायचो. एका मेंबरने टाकून दिलेला जुना ड्रायव्हर होता, ग्रिप फाटलेली, तिला आप्पांनी सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळली होती. दहावीनंतर सुट्ट्यांमध्ये मीही बिल्ला घेऊन बॅगा उचलल्या. कॅडी लोकांत एकच नाव देवासारखं घेतलं जातं, अली शेर. दिल्लीच्या मैदानावरचा कॅडी, त्याने १९९१ साली आणि पुन्हा १९९३ साली इंडियन ओपन जिंकली. दुसरा एसएसपी चौरासिया. वडील कलकत्त्याच्या मैदानावर गवत राखायचे, पोराने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन नेली. हा काही फार लांब मारणाऱ्यांतला नव्हे. पण आमच्या वयाला हे कोण सांगणार? आम्हाला लांबच मारायचं होतं.

दरवर्षी थंडीत क्लबवर कॅडींची एक स्पर्धा होते. मी सेकंड इयरला असताना त्यात उतरलो. पहिलं बक्षीस पंधरा हजार रुपये. आमच्या घरात पंधरा हजार म्हणजे काय ते सांगतो. माझ्या एका सेमिस्टरची मेस आणि वर थोडे. त्या वर्षी आप्पांच्या कमरेचं दुखणं निघालं होतं, डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं. आणि ज्याचा धंदाच वजन उचलायचा त्याने काय करायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. तरीही त्या दिवशी "माझ्या पोराची बॅग मीच घेणार" म्हणून आप्पा उभे राहिले. हिरवं जाकीट, पाठीवर नंबर, पायात शिवलेले कॅनव्हासचे बूट.

सतरा होल मी असा खेळलो की माझा मलाच विश्वास बसेना. अठराव्या टीवर आलो तेव्हा मी दोन फटक्यांनी पुढे होतो. अठरावा होल पार चार, म्हणजे चांगल्या खेळाडूने चार फटक्यांत संपवावा असा. उजव्या अंगाने रस्त्याची भिंत. भिंतीपलीकडे चेंडू गेला की 'आउट'. एक फटका दंड आणि पुन्हा तिथूनच मारायचं. आप्पांनी हिशोब मांडला. "पाच नंबर घे. दोन फटक्यांत पुढं, तिसऱ्याला ग्रीनवर, दोन पट. पाच झाले. त्यानं चार मारले तरी तू एकानं जिंकलास." आणि बॅगेतून पाच नंबरची आयर्न काढून माझ्यापुढे धरली.

तेवढ्यात मला दोरीपलीकडे माझा रूम पार्टनर दिसला.

तो त्या आठवड्यात मामाकडे पुण्याला आला होता. स्पर्धेची तारीख कधीतरी माझ्याच तोंडून निसटली असणार. "टायगरची मॅच" बघायला आला होता बिचारा. त्याने हात हलवला. मग त्याची नजर माझ्याशेजारी बॅग घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे गेली. आमच्या घरातलं नाक एकच आहे, आप्पांचं आणि माझं. लपत नाही.

आप्पांनी विचारलं, "कोण रे त्यो?"

मी म्हणालो, "कुणी नाही."

का म्हणालो, ते मला आजही धड सांगता येत नाही. पुढचं मात्र नीट आठवतं. मी आप्पांच्या हातातली आयर्न घेतली नाही. स्वतः बॅगेत हात घालून ड्रायव्हर काढला. मला त्या क्षणी कॅडीचा पोरगा दिसायचं नव्हतं. असा एक फटका मारायचा होता की बघणाऱ्याने फक्त चेंडू बघावा आणि बाकी काही बघू नये. भ्यालेला, रागावलेला आणि दाखवणारा, असे तिघेही माझ्या दोन पायांवर उभे होते. ग्रिप अशी आवळली की बोटं पांढरी झाली.

चेंडू सरळ निघाला, मग उजवीकडे वळायला लागला आणि वळतच राहिला. भिंतीपलीकडे कुठेतरी पत्र्यावर वाजला.

आप्पा काही बोलले नाहीत. खिशातून दुसरा चेंडू काढून दिला. मी पुन्हा ड्रायव्हर मारला. हो, पुन्हा! रागाने. तोही त्याच वाटेने गेला. तिसऱ्या वेळी आप्पांनी आयर्न पुढे केली आणि मी ती घेतली. हिशोब करा, पाचवा फटका मैदानात, सहावा ग्रीनवर, दोन पट. आठ. दुसऱ्याने चार मारले. दोन फटक्यांनी मागे पडलो.

त्यानंतरचं दृश्य मला विसरता येत नाही. मी बूट काढत मान खाली घालून बसलो होतो आणि आप्पा थेट पार्टनरकडे गेले. "पोरा, पुण्याचा का? चहा घेणार ना?" दोघं कॅडींच्या टपरीवर कटिंग पीत उभे. पार्टनर त्यांना "काका, काका" करून काठ्यांची नावं विचारत होता. मी "कुणी नाही" म्हणालो होतो त्या मुलाला आप्पांनी दोन क्रीमरोल खायला घातले.

घरी जाताना बस स्टॉपवर आप्पांनी विचारलं, "मारताना कुठं होतास?"

"कुठे म्हणजे? चेंडूपाशीच."

"नव्हतास. तुझे पाय होते तिथं."

बस लवकर येईना. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस. मी बॅग दुसऱ्या कुणाकडं दिली असती."

ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण ते खरोखरच तोडगा सांगत होते, अंतर सांगतात तसा. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. हा लेख म्हणजे त्याचं उशिरा दिलेलं अर्धंमुर्धं उत्तर आहे, असं समजा.

हॉस्टेलवर परतलो तेव्हा पोटात गोळा होता. पार्टनर गादीवर पडून जर्नल कॉपी करत होता. मान वर न करता म्हणाला, "फर्स्ट इयरला तू काय म्हणालास ते मला आठवत नाही. पण एक सांग, दुसऱ्यांदा पुन्हा ड्रायव्हर का घेतलास बे?" तो नागपूरचा आहे. त्याने वर्षभर कुणाला काही सांगितलं नाही.

त्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा आप्पांनी मला एक गोष्ट सांगितली. १९९९ सालच्या ब्रिटिश ओपनची. क्लबच्या टीव्हीवर त्यांनी खिडकीबाहेर उभं राहून पाहिली होती. स्कॉटलंडमधलं कार्नूस्टीचं मैदान, फ्रान्सचा जाँ व्हान द व्हेल्द, तीन फटक्यांनी पुढे, शेवटचा होल. चारच्या होलला सहा केले तरी अजिंक्यपद त्याचं. त्याने ड्रायव्हर घेतला. चेंडू पार उजवीकडे गेला. दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडला आपटून मागे येऊन उंच गवतात पडला, तिसरा ओढ्यात. गडी बूट-मोजे काढून पाण्यात उतरला! शेवटी सात झाले, तिघांत बरोबरी झाली आणि जादा होलमध्ये पॉल लॉरी जिंकला. मी नंतर ते सगळं चित्रण पाहिलं. त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. त्याच्यावर हसणारे पुष्कळ असतील, मी त्यांच्यात नाही. माझ्या मनात काय होतं ते मात्र मला पक्कं ठाऊक आहे.

त्यानंतर आप्पांनी मला ड्रायव्हर नव्याने शिकवला. खांदे, मनगट, कंबर यातलं काही नाही. फक्त मारण्याआधीचं. सगळा विचार चेंडूच्या मागे चार पावलांवर उभं राहून करायचा. कुठली काठी, कुठे, वारा कसा, भीती वाटतेय का, वाटत असेल तर लहान काठी घ्यायची का, सगळं तिथे. निशाण बारीक निवडायचं. "मैदानात कुठेतरी" नाही, तर अमुक झाडाची अमुक फांदी. त्या रेषेत चेंडूच्या पुढे वीतभर अंतरावर एखादं वाळकं पान हेरून ठेवायचं. मग एक श्वास सोडायचा आणि पुढे जायचं. चेंडूपाशी गेल्यावर ठरवाठरवी बंद. तिथे शंका आलीच तर मारायचं नाही, परत मागे येऊन उभं राहायचं, लोक काय वाटेल ते म्हणोत. काठी किती घट्ट धरायची? आई थापलेली भाकरी उचलून तव्यावर टाकते तेव्हा जशी धरते, तशी. घट्ट धरली तर फाटते, सैल धरली तर पडते. आणि एकदा निशाणाकडे बघितलं की रेंगाळायचं नाही. रेंगाळलं की अस्वल येतं.

हे ऐकायला सोपं आहे. करायला मला वर्ष लागलं. कारण माझी खरी अडचण भिंत नव्हतीच, दोरीपलीकडचे डोळे होते. लायब्ररीतल्या त्याच कपाटात याचंही उत्तर सापडलं. सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ साली पटिंगवर काही प्रयोग केले. एकात त्यांनी काही जणांना सरावाच्या वेळीच कॅमेरा लावून ठेवला, म्हणजे सतत कुणीतरी बघतंय अशी सवय. पुढे खरं दडपण आलं तेव्हा हे लोक ढेपाळले नाहीत, एरवी सराव केलेले ढेपाळले. मी ते दोनदा वाचलं. म्हणजे लपवून सराव केला की बघणाऱ्यांची भीती तशीच राहते. बघू दिलं की जाते. हे फक्त ड्रायव्हरला लागू आहे असं मला वाटत नाही. वायवाला एक्स्टर्नलने पहिला प्रश्न विचारल्यावर ज्यांची बॅटरी उतरते, ती सगळी मंडळी विचारतील ते येत नाही म्हणून घाबरत नाहीत. आपल्याला येत नाही हे दिसेल, म्हणून घाबरतात.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा स्पर्धेत नाव दिलं. आप्पांची कंबर आता बॅग घेऊच देत नाही, म्हणून त्यांच्या एका मित्राने माझी बॅग घेतली. या वेळी पार्टनरला मीच बोलावलं आणि म्हटलं, अजून कुणाला यायचं असेल तर आण. तो आपल्या विंगमधल्या तिघांना घेऊन आला. पहिल्या टीवर जायच्या आधी मी त्यांना आप्पांपाशी नेलं. "हे माझे आप्पा. इथे कॅडी आहेत." एवढं बोलायला किती वेळ लागला असेल? एक सेकंद. त्याच्या आधीची तीन वर्षं मात्र त्या एका सेकंदाच्या तयारीत गेली.

अठराव्या टीवर आलो तेव्हा मी तिसऱ्या नंबरसाठी बरोबरीत होतो. तिसऱ्याला तीन हजार. वारा मागून होता. चार पावलं मागे उभा राहिलो. भिंत दिसत होती, ती नाही असं मी स्वतःला सांगितलं नाही. दोरीपाशी चौघे पोरं आणि त्यांच्यामध्ये आप्पा, तेही दिसत होते. बघू देत. डावीकडच्या कडुलिंबाची एक वाळलेली फांदी निवडली. ठरवलं, ड्रायव्हरच. पण या वेळी त्यांना दाखवायला म्हणून नाही. वारा मागून आहे आणि त्या डाव्या अंगाला जागा आहे, म्हणून.

चांगला बसलेला ड्रायव्हर हाताला जाणवतच नाही. फक्त आवाज येतो, आणि तो कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटतो. चेंडू कडुलिंबाच्या रोखाने गेला, शेवटी जरासा उजवीकडे वळून मैदानाच्या मधोमध पडला.

आता तुम्हाला वाटेल, मी तिसरा आलो. नाही. ग्रीनवर जाऊन तीन पट केले, पाच झाले आणि एका फटक्याने चौथा आलो. चौथ्याला टॉवेल मिळतो. आप्पा म्हणाले, "फटका एक नंबर होता. पट बोगस."

यंदा हॉस्टेलचा फॉर्म भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'कॅडी' असं लिहिलं. ऑफिसमधल्या काकांनी चष्मा वर करून विचारलं, "म्हणजे कॅडबरीत का?" त्यांना पूर्ण सांगितलं. मागे रांग होती, तिनेही ऐकलं.

सुट्टीत घरी असलो की सोमवारी सकाळी आम्ही दोघं मैदानावर जातो. बॅगेत चारच काठ्या ठेवतो. बॅग माझ्या खांद्यावर असते, आप्पा नऊ होल खेळतात. कमरेमुळे त्यांचा स्विंग अर्धाच राहिलाय. १६० यार्डांच्या पुढे चेंडू जात नाही, पण दोरीवर चालल्यासारखा सरळ जातो. चार पावलं मागे उभे राहतात, बघतात, पुढे जातात, मारतात. मी काठी पुसून देतो.

तेव्हा मंडळी, 'टायगर' म्हणायला माझी हरकत नाही, नाव आता अंगवळणी पडलंय. फक्त नवीन पोरांनी विचारलं की हे नाव कसं पडलं, तर पूर्ण गोष्ट सांगत जा. दोन चेंडू भिंतीपलीकडे गेले तेही सांगा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी